अज्ञातवासाची भाषा : ‘कीचकवध’ आणि व्यंजनेचे मोल

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या नाटकाची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा एका किल्लीपाशी येऊन थांबते. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, कंकभट्ट म्हणजे नेमस्त पक्ष आणि बल्लव म्हणजे जहाल पक्ष, एवढे सांगितले की नाटकाचा उलगडा झाला असे समजले जाते. वर्गात हे नाटक शिकवावयास घेतले तर विद्यार्थी ही चार समीकरणे पहिल्याच दिवशी सांगून मोकळे होतात आणि आता नाटक वाचण्याचे कारणच उरले नाही अशा मुद्रेने बसतात. दोष त्यांचा नव्हे. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून त्यांच्या हाती हेच आलेले असते. ती किल्ली खोटी आहे असे प्रस्तुत लेखात म्हणावयाचे नाही. ती खरीच आहे. परंतु तिने नेमके कोणते कुलूप उघडते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की हे रूपक गुपित असे कधीच नव्हते. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने हे गद्य नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा कर्झनला हिंदुस्थान सोडून फार काळ लोटला नव्हता, १९०५ च्या वंगभंगाची जखम ओली होती आणि नाटककार ‘केसरी’च्या संपादकवर्गातला होता. प्रेक्षकांना अर्थ सांगावा लागला नाही, आणि पुढे सरकारलाही सांगावा लागला नाही. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या १९१० सालच्या पुस्तकात हीच समीकरणे दिलेली आहेत. कर्झनचे नाव नाटकात कोठेही उच्चारलेले नसले तरी नाट्यगृहातला प्रत्येक मनुष्य ते जाणतो, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे जी किल्ली आपण आज कौतुकाने पुढे करतो ती प्रतिपक्षाच्या ग्रंथातच टांगलेली होती. त्याच वर्षी मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली. मग ज्या पडद्याआड काहीच लपलेले नव्हते तो पडदा नाटककाराने घेतला कशासाठी? सरकारला चुकविण्यासाठी, हे नेहमीचे उत्तर पुरेसे वाटत नाही. कारण सरकार चुकले नाही.

याचा शोध भाषेच्या अंगाने घ्यावयाचा तर त्या काळी सरकार देशी भाषा कशा वाचीत असे हे पाहणे अगत्याचे आहे. सरकार त्या वाचीत असे ते भाषांतरातून. दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे बंगाली नाटक १८६० साली निघाले. निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर चालविलेल्या जुलमाचे ते चित्र होते. मूळ नाटकाबद्दल नाटककाराला शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली ती त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करणाऱ्या रेव्हरंड जेम्स लाँग यांना. १८६१ साली त्यांना एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. बंगालीत जे खपले ते इंग्रजीत खपले नाही. मुंबई इलाख्यातही न्यायाधीशापुढे येई तो मराठी लेख नव्हे, सरकारी भाषांतरकाराने केलेला त्याचा इंग्रजी तर्जुमा. १९०८ च्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांसाठी टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आला. त्यांनी स्वतःच केलेले भाषण सर्व दिवस मिळून एकवीस तासांवर चालले, आणि त्यातला बराच भाग तर्जुम्यातील शब्दांवर खर्ची पडला. मराठी शब्दाला मराठी वाचकाच्या मनात जी किंमत आहे तीच इंग्रजी प्रतिशब्दाला इंग्रज पंचाच्या मनात आहे काय, हा त्यांचा प्रश्न होता. नऊ पंचांपैकी सात जण युरोपियन होते. सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

भाषांतराचा व्यवहार उलट दिशेनेही चालतो, हे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. चिरोल यांनी टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले ते दूषण म्हणून. टिळकांनी त्यांच्यावर विलायतेत अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि १९१९ साली ती हरली. परंतु तोच शब्दसमूह मराठीत उतरला तो बिरुद होऊन. आज शाळेतील मुलगा तो निबंधात लिहितो तेव्हा त्याच्या मूळ वक्त्याची त्याला कल्पनाही नसते. शब्द तेच राहिले. बदलले ते बोलणारे तोंड आणि ऐकणारे कान.

वर्तमानपत्रातील लेखावर खटला भरता येतो, कारण त्याचा वाच्यार्थ पंचांपुढे ठेवता येतो. आता १८९७ च्या खटल्यात शिवाजीच्या मुखी घातलेल्या पद्याचाही समावेश होता आणि तेही एक प्रकारचे आवरणच होते, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप रास्त आहे. परंतु त्या पद्यात बोलणारा जुना असला तरी तो बोलतो ते आजच्या परिस्थितीविषयी; राजा जागा होऊन वर्तमानाकडे पाहतो. तर्जुमा करणाऱ्याला तेवढे वर्तमान पुरेसे झाले. ‘कीचकवधा’त बोलणाराही जुना आणि विषयही जुना. तर्जुमा कितीही काटेकोर केला तरी हाती येणार ती विराटपर्वातील एक कथा. पंचांपुढे ती ठेवून कोणता शब्द राजद्रोही म्हणावयाचा?

सरकारला ही अडचण ठाऊक होती, आणि तिच्यावरचा उपाय फार पूर्वी तयार होऊन बसला होता. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या निमित्ताने कलकत्त्याला एका वकिलाची थट्टा करणारे नाटक झाले. त्यावर प्रथम वटहुकूम आणि मग नाट्यप्रयोगांविषयीचा कायदा आला. त्याची रचना लक्षणीय आहे. प्रयोग बदनामीकारक, अप्रीती उत्पन्न करणारा किंवा नीती बिघडविणारा आहे असे सरकारचे मत झाले की बंदीचा हुकूम निघू शकतो. आरोप शाबीत करावा लागत नाही, शब्दावर बोट ठेवावे लागत नाही. वाच्यार्थावर खटला चालतो. व्यंग्यार्थावर हुकूम निघतो. खाडिलकरांच्याच चरित्रात हा भेद स्पष्ट दिसतो. नाटकाने त्यांना तुरुंगात नेले नाही. १९२९ साली राजद्रोहाची शिक्षा भोगावी लागली ती ‘नवाकाळ’मधील गद्य लेखनापायी. ‘कीचकवध’ बंद झाले ते सरकारी मताच्या बळावर. १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला, तेव्हा त्याला ऐंशी वर्षे झाली होती.

सरकारचे मत कशाने बनले असेल? येथे आपल्या साहित्यशास्त्राचा आधार घेतला तर गोष्ट स्वच्छ होते. मम्मटाने आर्थी व्यंजनेची साधने सांगितली आहेत. वक्ता कोण, श्रोता कोण, आवाजाचा हेल कोणता, वाक्य कसे, वाच्यार्थ काय, जवळ तिसरे कोण उभे आहे, प्रसंग, स्थळ आणि काळ कोणता, यांवर सूचित अर्थ अवलंबून असतो. ‘सूर्य मावळला’ या एका वाक्याचे अर्थ गुराखी, अभिसारिका आणि संध्येला बसणारा ब्राह्मण निरनिराळे घेतात, हे जुने उदाहरण प्रसिद्धच आहे. या यादीतील फक्त वाक्य आणि वाच्यार्थ छापील पुस्तकात सापडतात. बाकी सर्व काही नाट्यगृहात असते. वक्ता ‘केसरी’तला, श्रोते १९०७ सालचे, हेल नटाच्या गळ्यातला. आणि तिसरा मनुष्य? शास्त्रातली नायिका सखीशी बोलताना जवळ उभ्या असलेल्या प्रियकराला संकेत सांगते. येथे नट नटाशी बोलतो आणि संकेत जातो प्रेक्षकाकडे. त्या प्रेक्षकांत सरकारचाही एखादा मनुष्य असेल, ही जाणीव धरूनच तो जातो. ती जाणीव नसती तर अर्धी लज्जत गेली असती असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु एवढ्याने नाटककाराने हीच कथा का निवडली हे कळत नाही. दुष्टांच्या वधाच्या कथा पुराणांत थोड्या नाहीत. कंस आहे, रावण आहे, हिरण्यकशिपू आहे. माझ्या मते निवडीचे मर्म कीचकाच्या दुष्टपणात नसून अज्ञातवासात आहे. विराटाच्या नगरीत पांडवांपैकी कोणीही आपल्या नावाने वावरत नाही. युधिष्ठिर कंक झाला आहे, भीम मुदपाकखान्यात बल्लव झाला आहे, द्रौपदी सुदेष्णा राणीची सैरंध्री झाली आहे. म्हणून या कथेत राजकारण येण्यापूर्वीच प्रत्येक वाक्याला दोन अर्थ असतात. कंक सैरंध्रीला उद्देशून बोलतो तेव्हा विराट एक ऐकतो आणि द्रौपदी दुसरे ऐकते. महाभारतात भर सभेत कीचकाने लाथ मारल्यावर ती दाद मागते. त्या वेळी कंक तिला वेळकाळ न ओळखल्याबद्दल आणि नटीप्रमाणे शोक केल्याबद्दल बोल लावतो. सभेला तो परक्या दासीला दटावणारा ब्राह्मण दिसतो; तिला तो अवधी पुरा होईपर्यंत थांबण्यास सांगणारा पती आहे. त्याच सभेत भीमाला संताप गिळावा लागतो, कारण संताप प्रकट होणे म्हणजे ओळख प्रकट होणे. तेव्हा या कथेचा प्रेक्षक पहिल्या प्रवेशापासून एका वाक्यात दोन वाक्ये ऐकावयास शिकतो. हे शिक्षण त्याला कथाच देते. एकदा कानाला ही सवय लागली की तिसरा अर्थ ऐकू येण्यास नाटककाराला बोटभरही पुढे सरकावे लागत नाही.

याच कथेवर संस्कृतात नीतिवर्म्याचे ‘कीचकवध’ नावाचे काव्य आहे, आणि ते यमक व श्लेष यांच्या खटाटोपाबद्दलच प्रसिद्ध आहे. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. वेषांतराच्या कथेला श्लेषाचे वेड लागणे स्वाभाविक आहे. तेथे मात्र तो पांडित्याचा खेळ राहिला.

शिवाय १९०७ सालच्या प्रेक्षकाची स्वतःची अवस्था अज्ञातवासाहून निराळी नव्हती. कचेरीत साहेबापुढे कारकून, शाळेत सरकारी अनुदानावरचा मास्तर, घरी ‘केसरी’चा वाचक, दिवसातून तीनदा भाषा बदलणारा हा मनुष्य होता. मनातले बोलावयाचे नाही, आणि बोलावयाचे ते दोन्ही बाजूंनी निभावेल असे, ही कला त्याला अवगत होती. रंगभूमीवर त्याला आपलीच बोली ऐकू आली. ‘कीचक म्हणजे कर्झन’ ही वार्ता तो विकत घेत नव्हता, ती त्याच्याजवळ होतीच. त्याने तिकिटाचे पैसे मोजले ते शेकडो अनोळखी माणसांना त्याच वाक्यावर त्याच क्षणी हालताना पाहण्यासाठी. सभेत टाळी वाजविणाऱ्याला पकडता येते. विराटपर्वातील भीमाला टाळी वाजविणाऱ्याला काय म्हणून पकडावयाचे? पडद्याने अर्थ लपविला नाही, त्याने लोकांना एकत्र बसण्यास निमित्त दिले.

नाटकाच्या नावाकडेही व्याकरणाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘कीचकवध’ हा षष्ठी तत्पुरुष, कीचकाचा वध. येथील षष्ठी कर्माची आहे. ज्याचा वध व्हावयाचा तो नावात आहे, वध करणारा नाही. कर्त्याची जागा रिकामी आहे. मराठीत क्रियेला असे नामरूप दिले की कर्ता सहज गळतो, आणि तो गळला तरी ऐकणाऱ्याला अपुरे वाटत नाही. पुराण ठाऊक असलेला मनुष्य तेथे भीमाला बसवील. परंतु घरी परतणाऱ्या प्रेक्षकापुढे ती जागा पुन्हा रिकामीच असते, आणि तेथे कोणी बसावयाचे हे नाटक सांगत नाही. वर्तमानपत्राला हे साधत नाही. अग्रलेखाच्या वाक्यात कर्ता घालावा लागतो, आणि कर्ता घातला की कलम लागू होते.

किल्लीवाल्या वाचनाने या नाटकाचे सर्वांत मोठे नुकसान केले आहे ते कंकाच्या बाबतीत. कंक म्हणजे नेमस्त असे एकदा ठरले की तो भित्रा, वेळकाढू आणि हास्यास्पद ठरतो. कथेतील कंकाची बाजू मात्र तशी दुबळी नाही. तेराव्या वर्षाचे थोडेच दिवस उरलेले आहेत. कीचकाच्या वधानंतर सैरंध्री सुदेष्णेकडे मुदत मागते ती अवघ्या तेरा दिवसांची. तेवढ्यात पांडव ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षे वनवास. ‘थांब’ म्हणणाऱ्या युधिष्ठिराच्या हाती पंचांग आहे. १९०७ सालच्या नेमस्ताच्या हाती ते नव्हते. तेरावे वर्ष कोणते आणि ते कोठे संपते, हे ना गोखल्यांना सांगता आले असते ना मोर्ले साहेबांना. रूपक येथे बसत नाही, आणि माझ्या समजुतीने नाटकाची खरी धार याच न बसण्यात आहे. मुदतीचे वचन असतानाही भीमाला थांबणे असह्य होते. मग जेथे मुदतच नाही तेथे काय? हे वाक्य नाटकात नाही. ते दोन चित्रांतील फटीत निर्माण होते, आणि फट दिसावयाची तर दोन्ही चित्रे डोळ्यांपुढे असावी लागतात.

आलंकारिकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर चिरोल यांनी या नाटकाला अप्रस्तुतप्रशंसा मानले. कीचक हे निमित्त, कर्झन हा विषय. विषय हाती आला की निमित्त टाकून द्यावे. आपल्याकडील समीक्षकांनी हेच वाचन उचलले, केवळ निंदेच्या जागी स्तुती ठेवली. मला हे नाटक समासोक्तीच्या जवळचे वाटते. समासोक्तीत जे सांगितले जात आहे तेही प्रस्तुतच असते, आणि त्याच्या अंगावर दुसऱ्या अर्थाची छाया पडते. म्हणूनच कर्झन कोण होता हे ठाऊक नसलेल्या वाचकालाही सैरंध्रीचा सभेतील एकटेपणा भिडू शकतो.

येथवर नाटकाच्या बाजूने लिहिले. आता दुसरी बाजू लिहिणे प्राप्त आहे.

या नाटकातील अन्याय कोणता? सैरंध्रीला दासी समजले जाते हा. वाद आहे तो दासी कोण, कोणाची आणि तिच्यावर हक्क कोणाचा याविषयी. प्रेक्षकाचे रक्त तापते, कारण त्याला ठाऊक आहे की ही दासी नव्हे, राणी आहे. वेष दासीचा, कूळ द्रुपदाचे. राणीला दासीप्रमाणे वागविले, ही तक्रार आहे. विराटाच्या राजवाड्यात खऱ्या दासी असतीलच. त्यांच्यातील एखादीला कीचकाने मागितले असते तर नाटक झाले असते काय? कथेत तशी मागणी कोणाला अवघड वाटेल असे चिन्ह नाही. दास्य असावे की नसावे हा प्रश्न येथे उपस्थितच होत नाही; चुकीच्या माणसाच्या वाट्याला दास्य आले, एवढेच दुःख. हिंदुस्थान ही वेषांतर केलेली राणी आहे, ही कल्पना त्या काळी देशभर होती. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ साली भारतमातेचे चित्र काढले. भगव्या वस्त्रातील ती चतुर्भुज स्त्री हातांत पोथी, धान्याची लोंबी, वस्त्र आणि माळ घेऊन उभी आहे. ती काही करीत नाही, तिच्याकडे पाहावयाचे आहे. खाडिलकरांची सैरंध्री निदान बोलते. महाभारतातील द्रौपदी तर रात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठविते, आणि नर्तनागारातील संकेत कीचकाला तीच देते. वधाची खरी योजक तीच. परंतु किल्ली तिला देशाची मूर्ती करून टाकते आणि क्रियापद भीमाच्या हाती देते.

हा दोष एकट्या खाडिलकरांचा म्हणता येणार नाही. तो या पद्धतीच्या पोटातच आहे. व्यंजना चालावयाची तर वक्ता आणि श्रोता यांची पूर्वीची समजूत एक असावी लागते. पुराणाविषयी दोघांच्या मनात एकच आदर, कोण थोर आणि कोण नीच याविषयी एकच धारणा हवी. त्या धारणेलाच ज्याला हात घालावयाचा आहे त्याला ही सोय नाही.

जोतीराव फुले यांच्यापुढे ‘गुलामगिरी’ लिहिताना हीच अडचण होती. १८७३ सालचे हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे, आणि ते जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. पुराण तेथेही आहे, किंबहुना खाडिलकरांपेक्षा अधिक आहे. परंतु जोतीराव पुराण पांघरीत नाहीत, ते उसवतात. वामन आक्रमक होतो आणि बळी न्यायी राजा होतो. वाचकाची जुनी समजूत उपयोगी पडत नसल्याने लेखकाला प्रत्येक गोष्ट उघड सांगावी लागते. धोंडीबा शंका काढतो आणि जोतीराव उत्तर देतात. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या पुस्तकातील व्युत्पत्त्या अडखळवितात. ‘महासुभा’वरून म्हसोबा आणि नवखंडांवरून खंडोबा काढणे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत बसविणे कठीण आहे. मी स्वतः अनेक वर्षे त्या पानांवर पेन्सिलीने प्रश्नचिन्हे करीत आलो. आता असे वाटते की तेथे चाललेले काम व्युत्पत्तीचे नव्हतेच. शेंदूर फासलेल्या दगडाला हुद्दा देणे, म्हणजे शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडातील नावाला राज्याच्या कारभारात जागा देणे, हे ते काम होते. खाडिलकरांनी राणीला दासीच्या वेषात दाखविले. जोतीरावांनी ज्याला सर्व जण नीच समजत त्याला कूळ मिळवून दिले. दोघांनीही नावे बदलली, परंतु एकाचा प्रेक्षक नाव ऐकताच ओळखतो आणि दुसऱ्याच्या वाचकाला ओळख नव्याने शिकावी लागते. म्हणून ‘गुलामगिरी’त पल्लेदार व्यंजना शोधू नये. तिचा खडबडीतपणा हा कलेचा अभाव असे म्हणणारे समीक्षक अद्याप भेटतात. त्यांनी खडबडीत लिहिण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता हे एकदा लिहून दाखवावे.

अज्ञातवासाची कल्पना मराठीत पुढे आणखी एका ठिकाणी आली आहे. तिचा उल्लेख केल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह १९६३ साली निघाला. त्यातील शीर्षककथेचा निवेदक रेल्वेत नोकरीवर जातो आणि तेथे आपली जात लपवितो. विराटनगरीतील प्रत्येक वाक्याप्रमाणे येथेही प्रत्येक वाक्याला दोन अर्थ आहेत. जात विचारली की उत्तर टाळणे, दुसऱ्याने दिलेला आदर घेताना चाचरणे, घरात बोलावले की उंबऱ्यावर घुटमळणे. फरक असा की दुसरा अर्थ ऐकणारे येथे कोणी नाही. कंकाचे बोलणे समजणारी सैरंध्री जवळ होती, आणि बल्लवाचा संताप ओळखणारे प्रेक्षागृह समोर होते. बागुलांचा निवेदक दोन्ही अर्थ एकटाच वाहतो. येथे व्यंजना करमणुकीची नाही आणि धैर्याचीही नाही. ती जीव वाचविण्याची धडपड आहे.

दोन्ही अज्ञातवासांचा शेवटही तपासण्यासारखा आहे. विराटाच्या दरबारी पांडव प्रकट होतात, तेव्हा राजा त्यांना मान देतो आणि आपली मुलगी उत्तरा अभिमन्यूला देतो. बागुलांच्या कथेत ओळख उघडकीस येते तेव्हा काल आदर करणारी माणसेच निवेदकाला मारहाण करतात. वेषाखाली राजा असेल तर वेष उतरणे हा सोहळा ठरतो. येथे वेषाखाली ज्याला चोर ठरविले आहे असा मनुष्य आहे, आणि त्याने चोरले काय, तर ज्यावर त्याचाही हक्क असावयास हवा ते साधे माणूसपण. शीर्षकातील ‘चोरली’ हे क्रियापद मारणाऱ्यांच्या भाषेतून घेतलेले आहे. निवेदक ते स्वतःच्या तोंडी घेतो, आणि तेथे त्याला दुसरा अर्थ येतो. त्याच कामावरचा काशिनाथ मात्र आपली जात लपवीत नाही. जो विचारील त्याला तो ती सांगतो, आणि भांडावयाचे असेल तर उघड भांडतो. निवेदकाला त्या जमावातून सोडविण्यास धावून येतो तोही हा काशिनाथच.